रोज आठ वाजता सगळं ठीक

अण्णा, लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलतायत. दारात चपला काढता काढताच सुरू होतात. ‘देवमाणूस होते.’ ‘कुणाला म्हणून त्रास दिला नाही.’ ‘शेवटपर्यंत तक्रार नाही.’ मी त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास देते आणि आत निघून जाते, कारण तिथे थांबले तर तोंडातून काहीतरी निघेल. तुम्ही त्रास दिलात. मला दिलात. मी तुमची सून, अकरा वर्षं तुमच्याबरोबर एका ओट्याशी उभी राहिलेली, आणि मला तुमचा इतका राग आलाय की सकाळी फोटोवरचा सुकलेला हार काढताना माझे दात एकमेकांवर आवळले जातात.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “बोलून टाक. पोटात ठेवलं की जेवण पचत नाय.” आता बोलते. तुम्ही मध्येच उठून जाऊ शकत नाही.

तुमचा एकुलता एक मुलगा प्रवीण सैन्यात. लग्नाआधीच मला माहीत होतं की हा माणूस वर्षातून दोनदा घरी येणार. मी नाशिकरोडची, घरात कुणी फौजी नाही. मला वाटलं होतं, पत्रं येतील, फोन येतील, वाट बघायची असते ती बघू. रोज संध्याकाळी त्या माणसाशिवाय कणीक मळायची असते, एक माणूस वजा करून तांदूळ घ्यायचे असतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी तीनच्या जागी चार माणसांचा भात लावायचे. आई काही बोलायच्या नाहीत, सकाळी फोडणीला टाकायच्या.

आई गेल्या तेव्हा गार्गी तीन वर्षांची होती. सासूबाई नाहीत, नवरा बॉर्डरवर, लहान पोर, म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं की मी अंबडच्या कारखान्यातली नोकरी सोडणार. मीही तसंच धरलं होतं. तुम्ही बैठकीत सगळ्यांसमोर म्हणालात, “फौजीची बायको हाय म्हणून काय कपाटात घालून ठेवायची का तिला? घर मी बघतो.” आणि खरंच बघितलंत. मी फर्स्ट शिफ्ट करून चारला घरी यायचे तेव्हा मेथी निवडलेली असायची, लसूण सोललेला, शेंगदाणे भाजून त्यांची सालं पाखडलेली. चौतीस वर्षं कारखान्यात टर्नर म्हणून लेथवर उभा राहिलेला माणूस, पण भाकरी तुम्ही मला शिकवलीत. मी थापलेली पहिली भाकरी तुम्ही उजेडात धरून बघितलीत. “मधे जाड, कडंला पातळ. जॉब रिजेक्ट.” मग तोच रिजेक्ट जॉब ठेच्याबरोबर खाल्लात.

मला कंपनीत तपासणी विभागात घेतलं तेव्हा मायक्रोमीटर वाचता येत नव्हता. तुम्ही जुन्या ट्रंकेतून तुमचा काढलात आणि आठवडाभर जेवणाआधी मला पापडाची, नाण्याची, गार्गीच्या पाटीच्या कडेची जाडी मोजायला लावलीत. आजही मी गेज हातात घेतला की तुमचा आवाज येतो, “दाबू नको, टेकव नुसता.”

हे सगळं मी विसरलेले नाही. म्हणून तर राग आहे. परक्याने केलं असतं तर मी दार लावून घेतलं असतं.

सीमेवर काही झालं की टीव्हीवर ते ढणढण संगीत सुरू व्हायचं. तुम्ही उठून टीव्ही बंद करायचात. “जेवताना बातम्या नाय.” मी घास घेत नाही असं दिसलं की माझ्या ताटात अजून अर्धी भाकरी टाकायचात आणि कारखान्यातल्या गोष्टी सांगायला लागायचात. त्यातली एक तुम्ही कितीदा तरी सांगितलीत. तुमच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाला कुणीतरी घरून निरोप दिला की बायकोला दवाखान्यात नेलंय. तो मशीन बंद न करता मागे वळला. दोन बोटं गेली. बायको संध्याकाळी बरी होऊन घरी आली, बोटं काही आली नाहीत. “म्हणून चालू मशीनवरच्या माणसाला घरचं सांगायचं नसतं,” असं म्हणून तुम्ही गोष्ट संपवायचात. मला ती गोष्ट आवडायची. ती एक दिवस माझ्याच मानगुटीवर बसणार आहे, हे कुठे माहीत होतं.

गणपतीची सुट्टी संपवून प्रवीण परत गेला. या वेळी एकदम वर, बर्फातल्या पोस्टवर. दिवाळीत फराळ करताना तुम्हाला चकलीचा तुकडा अडकला. सगळे हसलो. मग भाकरी अडकली. मग तुम्ही भाकरी आमटीत कुस्करून खायला लागलात आणि म्हणालात, दात दुखतोय. एका संध्याकाळी पिठलं-भात सुद्धा तुम्ही मोरीत जाऊन बाहेर काढलात, तेव्हा मी तुम्हाला ओढत डॉक्टरांकडे नेलं. अन्ननलिकेचा कॅन्सर. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तंबाखूचा विचारला आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत, लहान मुलाने पाटी फुटल्यावर बघावं तसं. ती पुडी मी किती वेळा फेकली होती, अण्णा. किती वेळा तुम्ही कचऱ्यातून परत काढलीत.

रिक्षाने निघालो. पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा तुम्ही बोललात.

“प्रवीणला सांगायचं नाय.”

मला वाटलं, आज नाही सांगायचं असं म्हणताय. म्हटलं, “ठीक आहे, रविवारी सांगू.”

“रविवारी नाय. कधीच नाय. तो खाली आला की बघू.”

“अण्णा, त्याचे वडील आजारी आहेत. त्याला कळायला नको?”

“तो चालू मशीनवर हाय. तिथं पाय घसरला तर बर्फात माणूस सापडत नाय.”

मी म्हटलं, तो मशीनवर नाही, तो तुमचा मुलगा आहे. रिक्षावाला आरशातून बघायला लागला म्हणून मी गप्प बसले. आपलं भांडण तिथे सुरू झालं आणि तुम्ही जाईपर्यंत संपलं नाही. देवळालीच्या लष्करी दवाखान्यात जाऊ म्हटलं, फौजीच्या आईवडिलांना तिथे उपचार मिळतात. तर नको, तिथे कार्डावर नोंद होईल, युनिटला कळेल. गार्गीला काय सांगू म्हटलं, तर सांग डोळ्यांचा इलाज चालू आहे. शेकायला म्हणजे रेडिएशनला तुम्ही एकटे रिक्षाने जायचात आणि येताना तिच्यासाठी चिक्की आणायचात, म्हणजे तिला खरं वाटावं.

डिसेंबरात एका संध्याकाळी मी ठरवलं, बस. आज फोन आला की सांगायचं. वांग्याचं भरीत करत होते. तुम्हाला माझ्या पाठीवरून कळलं बहुतेक. तुम्ही गार्गीला अभ्यासातून हाक मारलीत, माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलंत आणि माझा हात तिच्या डोक्यावर ठेवलात.

“घे शपथ. हिच्या बापाला सांगणार नाय.”

गार्गीला वाटलं खेळ आहे. ती हसत होती. माझ्या हाताला वांग्याची काळी साल लागली होती, ती तिच्या भांगात लागली.

अण्णा, मी शपथा-बिपथा मानत नाही. तुम्हाला माहीत होतं. पण लेकराच्या डोक्यावर ठेवलेला हात आईला उचलता येत नाही, हेही तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मायक्रोमीटरने मोजून मारलंत. त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही ओट्याशी उभे राहून भांडी विसळत होतात. मी ती तुमच्या हातातून घेतली नाहीत, एवढाच काय तो माझा सूड.

जानेवारीत प्रवीण पोस्टवरून खाली बेसवर आला. नेहमीची बदली, असं तो म्हणाला. खाली नेटवर्क होतं. आता आठवड्यातून दोनदा तीन-तीन मिनिटांचा फोन नाही, रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल. मी देवापुढे साखर ठेवली. म्हटलं, तो खाली आलाय, आता सांगू, तर म्हणालात, घरी येऊ दे, मग बघू. आणि त्याच दिवशी तुम्ही मला म्हणालात, “आठ वाजता माझं ताट वाढत जा. भाकरी, भाजी, कांदा, सगळं.”

तुम्ही तेव्हा नाचणीची पेज पीत होतात. ती सुद्धा थेंबाथेंबाने.

“कशाला?”

“पोराला दिसलं पाहिजे, बाप जेवतोय.”

आणि मी वाढलं. हे मला स्वतःला माफ होत नाही. मी वाढलं. बाजरीची गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, कधी शेवभाजी, रविवारी काळ्या मसाल्याचं मटण. त्या वासाने तुमच्या डोळ्यांत पाणी यायचं. तुम्ही स्वेटर, मफलर घालून, फोनपासून लांब, ट्यूबलाइटकडे पाठ करून बसायचात. भाकरीचा तुकडा मोडायचात, रश्श्यात बुडवायचात, तोंडापर्यंत न्यायचात आणि तेवढ्यात काहीतरी विचारायचात.

“बर्फ कमी झालं का रं?”

“होतंय कमी. अण्णा, आवाज का बसलाय?”

“नाशिकची थंडी लय हाय यंदा.”

“आणि वजन उतरलंय.”

“साखर बंद केलीय. डॉक्टरनी सांगितलं. तुझी अश्विनी लय कडक हाय.”

मग फोन माझ्याकडे. “सगळं ठीक ना?” “सगळं ठीक.” फोन बंद झाला की तुम्ही हातातला तुकडा ताटात ठेवायचात आणि मी ते ताट उचलायचे. गार्गी बघत असायची. त्या ताटातलं अन्न मी खायचे कारण टाकवत नव्हतं, आणि गिळवतही नव्हतं. एका घरात दोन माणसं, आणि दोघांच्याही घशाखाली घास उतरत नाही.

डॉक्टर म्हणाले होते, नाकातून नळी घालू. दूध, सूप पोटात जाईल, ताकद टिकेल. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? “नाकात नळी फोनवर दिसंल.” मी डॉक्टरांसमोर ओरडले. म्हटलं, मग व्हिडिओ बंद करू, नुसतं बोलू. तर म्हणालात, व्हिडिओ बंद केला की लगेच ओळखेल. तुम्ही उपाशी राहिलात, अण्णा. माझ्यासमोर, माझ्या स्वयंपाकघरात. आणि लोक मला म्हणतात, सुनेने किती केलं.

आता ते सांगते जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही तेव्हा जागे होतात की नाही, मला नक्की माहीत नाही.

शेवटच्या आठवड्याच्या आधीची गोष्ट. त्या दिवशी तुम्हाला बसवेना, म्हणून मी प्रवीणला सांगितलं, अण्णा लवकर झोपलेत. गार्गी फोन घेऊन बसली होती. नऊ वर्षांची पोर, चौथीत. त्याने तिला सहज विचारलं, “आज अण्णा काय जेवले?” आणि ती म्हणाली, “पप्पा, अण्णा आता काहीच जेवत नाहीत. फक्त पाणी पितात. चमच्याने.”

मी पोळी लाटत होते. प्रवीणचा चेहरा मला दिसला. तो नुसता बघत राहिला. त्या एका क्षणात सगळं सुटलं असतं, अण्णा. शपथ माझी होती, तिची नव्हती. पोरीने माझ्यासाठी दार उघडलं होतं. आणि मी पिठाच्या हाताने तिच्याकडून फोन हिसकावला आणि हसले. खरंच हसले. म्हटलं, “अरे, दोन दाढा काढल्यात त्यांच्या. नाटकं चाललीत. ही पण ना, काहीही बोलते.” तो सुद्धा हसला. म्हणाला, “म्हाताऱ्याला आइस्क्रीम दे.” गार्गी माझ्याकडे बघत राहिली. खोटं बोलल्याबद्दल मी तिला ओरडते, आणि आज खरं बोलल्याबद्दल तिचा हात झटकला होता.

ते मी का केलं? सवयीने. चार महिने एकच वाक्य बोललं की दुसरं येतच नाही. ती सवय तुम्ही लावलीत.

नऊ दिवसांनी तुम्ही गेलात. सकाळची वेळ. तुमच्या श्वासाचा आवाज बदलला होता म्हणून मी कामावर गेले नव्हते. तुम्ही माझं मनगट धरलं होतं, काही बोलायचं होतं, पण आवाज कधीचाच गेला होता. मला आजही वाटतं, तुम्ही म्हणत होतात, सांग त्याला. किंवा म्हणत होतात, अजूनही सांगू नको. काय म्हणत होतात, अण्णा? एवढं तरी नीट करून जायचं होतं.

मग मी प्रवीणला फोन केला. त्याने हसतच उचलला. “आज सकाळीच? अण्णांनी परत कांदे आणायला पाठवलं का तुला?”

मी सांगितलं. तो म्हणाला, “कोण अण्णा?”

हवा खराब होती, दोन दिवस विमान उडालं नाही. तुमच्या पुतण्याने अग्नी दिला. प्रवीण चौथ्या दिवशी दुपारी पोचला. पाठीवर बॅग, दारात बूट काढले, गार्गीला उचललं, फोटोसमोर उभा राहिला. पाणी प्यायला नाही. मला म्हणाला, “काय झालं होतं?”

“अन्ननलिकेचा कॅन्सर.”

“कधीपासून?”

“दिवाळीनंतर कळलं.”

तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला. मग म्हणाला, “दाढा काढल्या म्हणालीस.”

“हो.”

“मी आइस्क्रीम दे म्हणालो.”

मी त्याला सगळं सांगितलं. तुमची गोष्ट, रिक्षा, शपथ. त्याने ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, “अण्णा गेले. त्यांना मी काय विचारू? तू समोर आहेस. रोज आठ वाजता तू माझ्या तोंडावर खोटं बोललीस.”

ऐकताय ना? तुम्ही सुटलात. तुम्ही देवमाणूस झालात आणि खोटं माझ्या नावावर राहिलं. सहा दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी वाढायचे, तो जेवायचा, ताट स्वतः उचलायचा. अकरा वर्षं मी त्या माणसाच्या घरी येऊन जेवण्याची वाट बघितली होती आणि आता तो समोर बसून माझ्या हातचं असं खात होता, जसं मेसमध्ये खातात.

मार्च महिना. पंखा लावूनही जीव जातो असं ऊन, आणि हा माणूस घरात पायमोजे घालून फिरत होता. मला वाटलं, सवय लागली असेल.

दहाव्याला गोदावरीवर गेलो. घाटावर अनवाणी व्हावं लागलं. त्याने पायरीवर बसून मोजे काढले आणि मी बघितलं. डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. करंगळी आणि तिच्या शेजारचं. तिथली कातडी नवी, गुलाबी, ताणलेली. भटजी मंत्र म्हणत होते आणि मी त्या पायाकडे बघत होते. तुमच्या पिंडाकडे माझं लक्ष नव्हतं, अण्णा. कावळा शिवला की नाही, ते मला विचारू नका.

घरी आल्यावर नातेवाईक चहा पीत बसले होते. मी त्याला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

“पाय.”

“हिमदंश झाला होता. डिसेंबरमध्ये. बूट ओला झाला, सहा तास काढता आला नाही.”

“डिसेंबर.”

“म्हणून तर खाली बेसवर आणलं. हलकं काम. तुला काळजी नको म्हणून…”

“कुणाला माहीत होतं?”

मी परत विचारलं. तेव्हा म्हणाला, “अण्णांना.”

हॉस्पिटलमधून त्याने तुम्हाला दुपारी फोन केला होता, मी कंपनीत असताना. मी तारीख विचारली. ज्या संध्याकाळी तुम्ही माझा हात गार्गीच्या डोक्यावर ठेवलात, त्याच दुपारी. म्हणजे एका हाताने त्याचं माझ्यापासून लपवलंत आणि दुसऱ्या हाताने माझा हात धरून तुमचं त्याच्यापासून लपवलंत. तोही फोन चेहऱ्यासमोरच धरायचा. तुमच्या फोनमध्ये ताट दिसायचं, त्याच्या फोनमध्ये पाय दिसायचा नाही, आणि मधे मी, सगळं ठीक.

आणि अजून राहिलंय. तो खाटेवर बसून म्हणाला, “चार आठवड्यांची सिक लीव्ह मिळत होती. जानेवारीत. मी अण्णांना म्हटलं, येऊ का? तर म्हणाले, आत्ता नको. अश्विनी हा पाय बघून हादरेल. तिथंच नीट बरा हो. उन्हाळ्यात नीट चालत ये.”

तो येऊ शकत होता.

जानेवारीत, तुम्ही पेज पीत होतात तेव्हा, तुमचा आवाज होता तेव्हा, तो चार आठवडे इथे बसू शकत होता. तुम्हाला रेडिएशनला घेऊन गेला असता. तुमच्या पाठीला तेल लावलं असतं. लंगडत का होईना, तुम्हाला खांदा देऊन मोरीत नेलं असतं. तुम्ही त्याला येऊ दिलं नाहीत, आणि माझं नाव पुढे केलंत. मी हादरेन! मला विचारलंत का कधी? खरं कारण मला कळतं, अण्णा. लेथवर उभा असलेला, एका हाताने गॅसची टाकी उचलणारा बाप त्याच्या डोळ्यांत होता, तोच तुम्हाला तिथे ठेवायचा होता. त्याला तसा बाप नको होता हो. त्याला जिवंत बाप हवा होता.

मी तेव्हा ओरडायला लागले. दाराबाहेर माणसं बसली होती, मला पर्वा नव्हती. तोही ओरडला. तू मला पाय दाखवला नाहीस, तू मला बाप दाखवला नाहीस. बाहेर कप वाजायचे थांबले. आणि दार ढकलून गार्गी आत आली. तिने दोघांकडे बघितलं. अजिबात न घाबरता, शाळेत बाई विचारतात तसं विचारलं, “अजून काही आहे का? कुणी अजून काही लपवलंय का?”

ती वाट बघत उभी. शेवटी प्रवीण म्हणाला, “नाही. एवढंच.” ती म्हणाली, “नक्की?” आणि त्याने तिला बोटं नसलेला पाय दाखवला. तिने त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, दुखतो का. तो म्हणाला, “हो, थंडीत.” एवढंच. जे आपण तिघा मोठ्या माणसांनी चार महिन्यांत केलं नाही, ते तिने चहा गार व्हायच्या आत केलं.

तेराव्याला तुमची बहीण, सिन्नरच्या आत्या, आल्या. म्हणाल्या, अण्णाच्या आवडीचं ताट वाढून फोटोपुढं ठेव. मी नाही म्हटलं. सगळ्यांसमोर. “आत्या, मी त्यांच्यापुढे न खाण्यासाठी खूप ताटं वाढली. आता नाही.” त्यांना कळलं नाही. त्यांनी स्वतः वाढलं. प्रवीणला कळलं. तो मध्ये पडला नाही.

सगळे गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो. त्याची सुट्टी अजून आहे, मग पाय तपासायला मेडिकल बोर्ड, मग बघू कुठे पाठवतात. परवा संध्याकाळी मी शेवभाजीचा मसाला परतत होते. तो आत आला आणि तुम्ही बसायचात त्याच कोपऱ्यात, पाटावर बसून न विचारता लसूण सोलायला लागला. पाच-सहा पाकळ्या सोलून झाल्या. मग लसणाकडेच बघत म्हणाला, “अण्णांना दुखत होतं का गं?”

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. नाही रे, शांतपणे गेले. अगदी ओठांवर होतं. लोकांना मी तेच सांगत आले होते, आणि अण्णा, ते तुमच्याच आवाजात आलं. त्याला किती बरं वाटलं असतं. एक शब्द, आणि तो नीट झोपला असता.

मी म्हटलं, “हो. खूप दुखत होतं.”

त्याच्या हातातला लसूण खाली पडला. तो रडला. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला रडताना बघितलं, आवाज करून, लहान मुलासारखं नाक ओढत. मी जवळ गेले नाही. मला वाटलं, आता तो उठून जाईल आणि परत बोलणार नाही. तो उठला नाही. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाला, “सांग. पहिल्या दिवसापासून सांग.”

मी गॅस बंद केला. त्याच्यासमोर जमिनीवर बसले. आणि चकलीच्या तुकड्यापासून सांगायला सुरुवात केली.